धाकट्याच्या अंगातलं माझं रक्त

कांद्याला मुळं फुटायला हवी असतील तर त्याची जुनी, वाळकी मुळं आधी ब्लेडने खरवडून काढावी लागतात. मग तो काचेच्या पेल्यावर असा बसवायचा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी जास्त झालं तर कांदा सडतो, कमी झालं तर रुसून बसतो. नवापूरच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते तिथे दर पावसाळ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीत असे कांदे ओळीने बसलेले असतात. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की टोकं कापायची, आम्लात जरा गरम करायची, रंग द्यायचा, आणि काचपट्टीवर ठेवून वरून टिपकागद धरून अंगठ्याने सरळ दाबायचं. अंगठा सरकला की सगळी मेहनत वाया. मुलांचा अंगठा दरवर्षी सरकतो आणि मी दरवर्षी ओरडते.

बरं, एवढं करून भिंगाखाली काय दिसतं? बहुतेक पेशी नुसत्या बसलेल्या. एखादीच कामाला लागलेली असते. तिची गुणसूत्रं आधीच दुप्पट झालेली असतात, ती मधोमध रांग धरतात, मग दोन टोकांना ओढली जातात, मध्ये भिंत उभी राहते आणि एकीच्या दोन होतात. दोन्ही हुबेहूब सारख्या. याला सूत्री विभाजन म्हणतात. मुलं भिंगात डोकावतात आणि वहीत पुस्तकातली आकृती उतरवतात. दिसलं तेवढंच काढा, असं मी शंभरदा सांगते. पुस्तक इंग्रजीत, मुलं घरी इकडची आदिवासी कोकणी नाहीतर भिली बोलणारी, मी जन्माची अहिराणी बोलणारी, आणि वर्गात आम्हा सगळ्यांनाच थोडी परकी असलेली मराठी. त्यातून जेवढं पोचेल तेवढं पोचतं.

गेल्या वर्षी हे कांदे खिडकीत असतानाच माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. आमचं माहेरगाव नंदुरबारपासून जवळ. तिथे आमची माय, थोरला, वहिनी आणि धाकटा असे राहायचे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. धाकट्याच्या हिरड्यांतून काही दिवस रक्त येत होतं, अंगावर निळे डाग उठले होते, जिना चढताना धाप लागत होती. थोरला म्हणाला, "धाकलानं रगत बनत नही शे. डाक्टर म्हने, सुरतले लई जा."

मी फोन ठेवला आणि उरलेली टोकं कापून घेतली. तास संपायला अवकाश होता. काहीतरी वाटायला हवं होतं, पण काही वाटलं नाही. नंतर वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि वाट पाहत राहिले.

सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. रक्त हाडांच्या पोकळीत तयार होतं. तिथल्या मूळ पेशी जन्मभर विभागत राहतात, म्हणून अंगात रोज नवं रक्त येतं. धाकट्याच्या हाडांत हे विभाजनच बंद पडलं होतं. आत नुसती चरबी उरली होती. बाहेरून रक्ताच्या पिशव्या चढवून काही महिने निघाले असते. खरा इलाज एकच, सख्ख्या भावंडाच्या हाडातली मज्जा काढून त्याला द्यायची. तीही जुळली तर.

कोणाची जुळणार, हे मायने त्या क्षणी ठरवून टाकलं. थोरला आणि धाकटा दिसायला अगदी एक. तेच नाक, तीच चाल, पाठमोरे उभे राहिले तर वहिनीसुद्धा फसायची. मी मात्र वडिलांच्या आईवर गेलेली, बुटकी आणि रुंद कपाळाची. माय म्हणाली, "दोन्ही एकच साचाना शेतस. थोरलानंच जुळी." थोरल्यानेही बाही वर केली, जणू सुई आताच टोचणार आहेत.

मी तिथेच, दवाखान्याच्या बाकड्यावर, शिकवायला सुरुवात केली. माझी सवयच ती. सांगितलं, की शरीराच्या बाकी पेशी एकीच्या दोन सारख्या होतात, पण ज्यांच्यापासून मूल होतं त्या पेशींचं तसं नसतं. तिथे अर्धगुणसूत्री विभाजन होतं. प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं, दुसरं मागे राहतं. कुठलं जाणार ते कोणी ठरवत नाही. शिवाय वेगळं होण्याआधी जोडीतली दोघं एकमेकांत थोडे तुकडे बदलून घेतात. म्हणून एकाच आईबापाची मुलं सारखी निघत नाहीत. नाकाचा हिशोब वेगळा आणि रक्त जुळायचा हिशोब वेगळा. तो सहाव्या जोडीवर असतो. सख्ख्या भावंडांत चारांत एकदा जुळतं.

मायने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पन थोरलानंच जुळी." धाकटा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हसला. त्याच्या दातांच्या फटींत रक्त होतं.

थोरल्याचं निम्मं जुळलं. माझं पूर्ण जुळलं. थोरला कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "मन्हं काबर नही जुळनं?" मी परत सहावी जोडी सांगितली. तो काय विचारत होता ते मला कळत होतं, पण माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं. तो नंतर कॅन्टीनमध्ये गेला आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आला.

माझ्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली. मी बेशुद्ध होते, उठले तेव्हा कंबर दाराच्या चौकटीवर आपटल्यासारखी ठणकत होती, एवढंच. पिशवी धाकट्याच्या खोलीत टांगली. लाल, जरा दाट, नेहमीच्या रक्तासारखीच. हाताच्या शिरेतून सोडलेल्या पेशी आपापल्या वाटेने हाडांपर्यंत जातात आणि तिथे घर करतात. त्यांना कोणी रस्ता दाखवत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी मी काचेतून बघत उभी राहिले. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची काळजी करू नका, महिनाभरात तुमचं सगळं भरून येईल." मी म्हटलं, माहीत आहे.

आम्ही वाट पाहिली. त्याच्या जुन्या मज्जेचा मागमूस पुसण्यासाठी आधी जी औषधं दिली होती त्यांनी केस गेले, तोंड सोलवटून निघालं. मग एका सकाळी पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या. दुसऱ्या सकाळी जास्त. माझ्या पेशी त्याच्या हाडांत बसून एकीच्या दोन, दोनाच्या चार होत होत्या. कॉलेजात याचीच आकृती मी फळ्यावर काढत आले होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असावा. पण तो कुठेतरी लांब, शेजारच्या घरात लग्न असावं तसा झाला.

त्याचा रक्तगट बी होता, तो हळूहळू माझा ओ झाला. पुढच्या तपासणीत त्याच्या रक्तातल्या पेशींत बाईची गुणसूत्रं दिसली, म्हणजे रक्त सगळं माझंच बनत होतं. डॉक्टर खूश होते. धाकट्याने हे ऐकलं आणि टकलावरून हात फिरवत मला विचारलं, "म्हनजे मी आते आरधा बाई शे का, आक्का?"

"रक्तापुरता," मी म्हटलं.

थोरला दाराशी उभा होता. धाकटा त्याला म्हणाला, "मंग आखाजीले माले बी लेवाले येजो."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्यतृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, त्यांना आणायला भाऊ जातो. त्या भावाला मुराळी म्हणतात. मला आणायला नवापूरला, माझ्या सासरी, दर आखाजीला धाकटाच मोटरसायकल घेऊन यायचा. आता बाईचं रक्त आल्यावर त्यालाही कोणीतरी घ्यायला जायला हवं, असा त्याचा हिशोब. नर्ससुद्धा हसली. थोरला खूप दिवसांनी हसला.

मिरचीबद्दल सांगायला हवं. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि व्यापारी ती गावाबाहेर मोकळ्या रानात पसरून वाळवतात. त्याला पथारी म्हणतात. हंगामात सगळं रान लाल असतं आणि वाऱ्यात मिरचीचा असा झोंबरा खाट असतो की बाहेरगावचा माणूस रिक्षातून उतरताच खोकायला लागतो. आमच्या घरात कोणी खोकत नाही. आम्ही मिरची पिकवणारे, धाकटा तर एका पथारीवर देखरेखीला. मजुरांबरोबर तो दिवसभर मिरचीत बसायचा आणि डोळ्यांत पाणीही नाही. मिरचीत न खोकणं ही आमच्या गावात अंगमेहनतीइतकीच इज्जतीची गोष्ट. एकटी मी तेवढी लहानपणापासून ठसकणारी. वहिनी फोडणी टाकते तेव्हा मी अंगणात पळते. मला त्यावरून जन्मभर चिडवलं.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्षभर धुळीत जायचं नाही, शेतात नाही, बाजारात नाही, तोंडाला कापड. नव्या रक्ताने त्याच्या अंगाला परकं समजू नये म्हणून औषधं चालू होती, आणि त्या औषधांनी रोगाशी लढायची ताकद दाबून टाकली होती. मी हे फोनवर थोरल्याला, मायला, वहिनीला वेगवेगळं समजावलं. सगळे हो म्हणाले. पण हंगाम सुरू झाला, आणि धाकट्याच्या अंगात जीव आला होता. तो नुसता बघायला म्हणून पथारीवर गेला. मग परत बघायला गेला. वाळत घातलेल्या मिरचीत जिथे ओल राहते तिथे बुरशी धरते. ती डोळ्याला दिसत नाही. निरोगी माणसाचं ती काही बिघडवत नाही.

तिथे त्याला खोकला आला. जन्मात पहिल्यांदा मिरचीत ठसका. देठ खुडणाऱ्या बायांनी त्याला हसून घेतलं. बहिणीचं रक्त भरलंय ना, म्हणून बहिणीचा ठसका आला, म्हणाल्या. घरी माय हसली, थोरला हसला, गावभर ती गोष्ट झाली. खोकला थांबला नाही तरी कोणाला नवल वाटलं नाही. मिरची चालू होती तोवर तो असणारच. धाकट्यानेच मला फोनवर सांगितलं, "आक्का, तुन्हं रगत भलतं नाजूक शे. मिरचीले घाबरस."

मी म्हटलं, "खोकला रगतमा नही ऱ्हास. आजच सुरत जाय."

"जास ना," तो म्हणाला. जातो, जातो. मी थोरल्याला फोन केला. थोरला म्हणाला, अगं, मिरचीचा ठसका तो, तुझ्यासारखाच खोकतोय, हुबेहूब. मी फोनवरच ओरडले. तेव्हा ते त्याला घेऊन निघाले, पण तोवर आठवडा गेला होता, ताप भरला होता आणि दोन्ही फुप्फुसांत बुरशी पसरली होती.

तो सुरतेला गेला आणि परत आला तो अॅम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत बांधलेला. मी पुढच्या सीटवर होते. रस्ता नेहमीचाच, उसाच्या गाड्या पुढे चाललेल्या, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मला भूक लागली होती, आणि भूक लागली याचंही काही वाटलं नाही. घरी बायका गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चुलतकाकू कोणाला तरी म्हणाली, शिकली सवरली की डोळ्यांतलं पाणी आटतं. मी ते ऐकलं आणि चहाचे कप गोळा करायला लागले. अंगणात त्याला आंघोळ घालत होते तेव्हा मला एवढंच सुचलं, की आता त्याच्या हाडांतल्या माझ्या पेशी थांबल्या असतील. सगळ्या एकदम थांबत नाहीत, काही तास जातात.

दहाव्या दिवशी मी मायच्या जवळ बसले होते. ती गव्हातले खडे वेचत होती. वर न बघता म्हणाली, "तुन्हं रगत नाजूक व्हतं, बाई. मिरचीमा टिकनं नही. तेन्हं सोतानं ऱ्हातं तर टिकतं."

त्याचं स्वतःचं रक्त असतं तर टिकलं असतं. तिने ते रागाने म्हटलं नाही. मायला मी कधी रागावलेलं पाहिलेलंच नाही. मी तिला बुरशी सांगितली, औषधं सांगितली, सांगितलं की रक्त उत्तम होतं, वाढत होतं, ठसक्याचा आणि रक्ताचा काडीचा संबंध नाही. ती मान हलवत राहिली. खडे वेचून झाल्यावर तिने सूप माझ्याकडे दिलं. मला वाईट वाटलं का? हो, वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

कॉलेजात अर्धगुणसूत्री विभाजनाचं प्रात्यक्षिक फुलाच्या कळीतून करतात. कांद्याचा फुलोरा त्यासाठी बरा, आम्ही त्याला डोंगळे म्हणतो. दरवर्षी ते धाकटा पाठवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीच्या ड्रायव्हरजवळ. या वर्षी मी तयार काचपट्ट्या कपाटातून काढल्या. जोडीतलं एक इकडे, एक तिकडे, कुठलं कुठे ते कोणी ठरवत नाही, असं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच निघाला. मुलांनी पुस्तकातली आकृती काढली आणि मी त्यांना काही बोलले नाही.

आखाजीला मला आणायला थोरला आला. मी म्हटलं होतं की बसने येईन. तो मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला, धाकट्याचीच. मी मागे बसले. पाठमोरा तो धाकटाच दिसत होता. नंदुरबार येईपर्यंत मी त्या पाठीकडे पाहायचं टाळलं.

त्या दिवशी आमच्यात गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. नवी लाल घागर, तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. घरातल्या मुलाने पाणी भरायचं. वडिलांची घागर दरवर्षी थोरला भरतो. यंदा आखाजीचा झोका बांधला नव्हता, गाणी नव्हती, देवघरापुढे दोन घागरी होत्या. थोरल्याने वडिलांची भरली आणि दुसरीकडे वळला. तेव्हा माय म्हणाली, "थांब. ती इले भरू दे."

चुलते पाटावरून म्हणाले, "दिधेल आंडेर शे ती. तिन्हा हातनी घागर कशी चाली?" दिलेली मुलगी परक्या घरची. त्यांचंही चुकत नव्हतं, रीत तशीच आहे.

माय म्हणाली, "तेन्हा आंगमा सरता सरता इन्हंच रगत व्हतं. मंग कोन भरी?"

थोरला बाजूला सरकला आणि त्याने तांब्या माझ्या हातात दिला. मी बसले. घागर आतून कोरडी होती, पहिलं पाणी मातीने पिऊन टाकलं. कंबरेत, जिथे सुया गेल्या होत्या तिथे, काही दुखत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे माझं महिनाभरात भरून आलं होतं, काही दिलंच नव्हतं इतकं पूर्ण.

"काठलगून भर," माय म्हणाली. "आते तेले ठसका लागाव नही."

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. बुरशी, औषधं, सहावी जोडी, सगळं क्रमाने. तिला आजही वाटत होतं की तो माझ्या ठसक्याने गेला, आणि तरीही तिने घागर मलाच भरायला लावली. मी म्हटलं, "हां, माय."

मग थोरला माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "तो म्हने ना, आखाजीले माले बी लेवाले येजो."

तांब्यातलं पाणी घागरीबाहेर सांडलं. रडू आलं ते आवाजासकट आलं, चुलत्यांसमोर, सगळ्यांसमोर, आणि रडता रडता मला ठसका लागला. स्वयंपाकघरात वहिनीने फोडणी टाकली होती. ठसका ऐकून माय चटकन बाहेरच्या दाराकडे बघायला लागली, धाकटा आल्यासारखी. मग तिने मान वळवली, मी खोकत होते हे पाहिलं, आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली.